आबांचा दाखला आणि ‘गद्दार’ हा शब्द

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका सभागृहात व्याख्यान ऐकायला गेलो होतो. विषय होता गोवा मुक्तिलढ्यातला मराठी माणसाचा वाटा. वक्ते अभ्यासू, वाणी ओघवती, सभागृह खच्चून भरलेलं. पहिला तासभर मीही भारावून ऐकत होतो. शेवटच्या दहा मिनिटांत मात्र त्यांनी आजच्या गोव्याकडे मोर्चा वळवला. ज्या फिरंग्यांना घालवण्यासाठी आपली माणसं पत्रादेवीच्या सीमेवर गोळ्या झेलून पडली, त्यांच्याच पासपोर्टासाठी आज गोवेकर आजोबांचे जन्मदाखले हुडकत फिरतात. आजोबांच्या जन्मावर देश विकणाऱ्यांना गद्दार याखेरीज दुसरा शब्द नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझ्या शेजारी आबा बसले होते. त्यांनी मांडीवरचा हात उचलला नाही.

आबा आमच्या गल्लीतले. जन्म १९३६ चा, गोव्यातल्या पेडणे तालुक्यातला. गावात मराठीतून पुढे शिकायची सोय नव्हती, म्हणून सोळाव्या वर्षी मामाच्या आधाराने कोल्हापुरात आले आणि इथलेच होऊन गेले. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली, तिथूनच निवृत्त झाले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी गल्लीत घरोघर पेढे वाटले होते. आईच्या तोंडून ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. याच आबांचा नातू २०१९ साली पोर्तुगालचा नागरिक म्हणून इंग्लंडात स्विंडनला गेला. आज तो तिथल्या एका गोदामात शिफ्टमध्ये काम करतो.

सभागृहातून परतताना आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. जनता बाजारच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, “दाखला मीच काढून दिला रे त्याला. मग मी कोण?”

त्यांना उत्तर द्यायचं म्हणून हे लिहितोय.

तो दाखला मी पाहिलाय. मूळ नोंदीची नक्कल, पोर्तुगीजमध्ये. आबांच्या वडिलांचं आडनाव परब. कागदावर ते ‘पोरोबो’ असं उमटलंय. गोव्यात हे नवं नाही. नाईकांचं ‘नायके’ झालं, पैंचं ‘पोय’ झालं, आणि त्या काळच्या कारकुनाच्या कानाला जे ऐकू आलं ते पिढ्यान्‌पिढ्या कागदावर राहिलं. आबांच्या आधार कार्डावर परब, जन्मनोंदीत पोरोबो. दोघं एकच माणूस आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र लागलं. मग आबांच्या जन्माची नोंद लिस्बनमधल्या मध्यवर्ती निबंधक कार्यालयात, मग त्यांच्या लग्नाची, मग मुलाच्या जन्माची, आणि सर्वांत शेवटी नातवाची. एक पायरी चुकली की पुढची अडते. या सगळ्याला तीन वर्षं गेली. देश विकायला निघालेला माणूस एवढे कष्ट घेत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे नागरिकत्व आलं कुठून?

पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट जगाला सांगत होती की गोवा ही वसाहतच नव्हे. तो पोर्तुगालचाच समुद्रापलीकडचा प्रांत आणि तिथली माणसं पोर्तुगालची नागरिक. संयुक्त राष्ट्रांत वसाहतींचा हिशेब मागितला गेला की पोर्तुगालचं हेच उत्तर असे. आबांच्या गावाला त्या नागरिकत्वाचा उपयोग काय होता? सभा घ्यायला बंदी, वर्तमानपत्रावर सेन्सॉर, आणि लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरची परवानगी. छापखान्यात आयुष्य घालवलेले आबा ही पत्रिकेची गोष्ट सांगताना आजही हळू आवाजात सांगतात. नागरिकत्व हे तेव्हा गोवेकराला दाबून ठेवायचं हत्यार होतं.

मग १९६१ आलं. पोर्तुगालने मात्र भारताची सत्ता मान्य केली नाही. ती मान्य झाली २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमधली हुकूमशाही उलथल्यानंतर. ३१ डिसेंबर १९७४ ला नव्या पोर्तुगालने दिल्लीत भारताशी करार केला आणि गोवा, दमण, दीव, दादरा नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व स्वीकारलं. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, त्याच लोकशाही पोर्तुगालने कायदा केला: जुन्या पोर्तुगीज हिंदुस्थानात जन्मलेल्या आणि तशी इच्छा जाहीर करणाऱ्या माणसाचं नागरिकत्व कायम राहील. १९८१ च्या नागरिकत्व कायद्याने ते मुलांपर्यंत आणि तिथून पुढे नातवंडांपर्यंत पोचतं.

वक्त्यांनी सालाझार आणि हा कायदा एकाच दोरीत बांधला. इतिहासाच्या अभ्यासकाकडून ही चूक होऊ नये. गोवेकराचा गळा दाबणारी राजवट वेगळी. ती उलथवून भारताचा हक्क मान्य करणारी राजवट वेगळी. साडेचारशे वर्षं ज्यांनी गोव्याच्या माणसाला ‘तू आमचाच’ म्हणून ताब्यात ठेवलं, त्यांच्याकडून त्या शब्दाचं मोल आज एखादा नातू वसूल करत असेल, तर त्यात मला लाचारी दिसत नाही. मला ती थकबाकी वाटते.

पण वक्त्यांचा खरा राग ‘आजोबांच्या जन्मावर’ या शब्दांत होता. स्वतःचं कर्तृत्व नाही, आजोबा कुठं जन्मले यावर देश बदलायचा, असा त्यांचा सूर. म्हणून विचारतो: आजोबांचा जन्म हे नागरिकत्वाचं माप आहे हे सर्वांत ठसठशीतपणे कुठं लिहून ठेवलंय? भारताच्या राज्यघटनेत. अनुच्छेद ६ वाचा. पाकिस्तानातून आलेला माणूस भारताचा नागरिक कधी ठरेल? तो स्वतः, त्याच्या आई-वडिलांपैकी कोणी, किंवा त्याच्या आजी-आजोबांपैकी कोणी १९३५ च्या कायद्यातल्या हिंदुस्थानात जन्मलं असेल तर. अनुच्छेद ८ परदेशात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसाला हेच माप लावतो. बाबासाहेबांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या घटनेला आजी-आजोबांचा जन्म लाजिरवाणा वाटला नाही.

याचा जिवंत दाखला राजारामपुरीपासून हाकेच्या अंतरावर आहे. वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. १९४८ पर्यंत ते लोक निघून गेले आणि त्या बराकींत सिंधमधून उठून आलेली कुटुंबं राहायला आली. आज आपण त्याला गांधीनगर म्हणतो. कोल्हापुरातलं कुठलं घर असं आहे की ज्याने लग्नाचं कापड गांधीनगरातून आणलं नाही? त्या सिंधी कुटुंबांचं भारतीयत्व घटनेच्या याच अनुच्छेद ६ वर उभं आहे. त्यांना कोणी आजोबांच्या जन्मावर नागरिक झालेले म्हणून हिणवलं नाही. हिणवू नयेच.

आणखी जवळचं उदाहरण देतो, कारण ते थेट गोव्याचं आहे. २८ मार्च १९६२ ला केंद्र सरकारने गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश काढला. त्यात काय आहे? २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः त्या प्रदेशात जन्मला, किंवा ज्याच्या आई-वडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणी तिथं जन्मलं, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक समजला जाईल. ज्याला आधीचं नागरिकत्व ठेवायचं असेल त्याने एका महिन्यात लेखी कळवावं. म्हणजे गोवेकर भारतीय झाले तेसुद्धा आजोबांच्या जन्मावरच! त्याच आजोबांच्या त्याच जन्मावर भारत हक्क सांगतो तेव्हा ते राष्ट्रकार्य, आणि नातू हक्क सांगतो तेव्हा गद्दारी, असा निवाडा करणाऱ्याने आधी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहावेत.

शिवाय भारत हे माप आजही वापरतो. परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांसाठीचं ओसीआय कार्ड नातवंडांना आणि पतवंडांनाही मिळतं. पोर्तुगालचे तत्कालीन पंतप्रधान अंतोनियो कॉस्ता यांचं घराणं मडगावचं. जानेवारी २०१७ मध्ये ते भारतात आले तेव्हा आपल्या पंतप्रधानांनी त्यांच्या हाती ओसीआय कार्ड ठेवलं. सगळ्या देशाला त्याचा आनंद झाला, मलाही झाला. आजोबांच्या मातीचं नातं तेव्हा आपल्याला अभिमानाचं वाटलं.

आता आपल्या घरात डोकावू. २०२३ पासून महाराष्ट्रात आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू आहे. कोल्हापूर जिल्ह्यात किती माणसं तहसील कार्यालयात कोतवाल बुकाची, गाव नमुना १४ ची पानं उलगडत बसली, जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरातला आजोबांच्या नावापुढचा रकाना शोधत बसली, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. मोडी वाचणाऱ्याला या काळात कधी नव्हे ती विचारणा आली. ओबीसीच्या जात पडताळणीला १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत तो आजोबांचाच असतो. एका मित्राने पणजोबांची नोंद सापडली त्या दिवशी मला मध्यरात्री फोन केला होता. त्याचा आवाज कापत होता, मुलीच्या प्रवेशाचा प्रश्न होता. त्याला मी संधिसाधू म्हणू का? आजोबांच्या नावचा सातबारा नातवाकडे येतो, आजोबांची जात नातवाच्या माथी येते, आजोबांचं कर्ज घरादारावर येतं. मग आजोबांच्या जन्माबरोबर आलेला हक्क तेवढा नातवाने टाकून द्यावा, हा नियम कुठला?

यावर उत्तर येईल: जातीचा दाखला वेगळा, देश बदलणं वेगळं. बरोबर, वेगळं आहे. मग देश बदलणाऱ्यांकडेच पाहू. संसदेत सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये २,२५,६२० आणि २०२३ मध्ये २,१६,२१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. त्यात अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलियाचे नागरिक झालेली आपल्या घरातली हुशार मुलं आहेत. अमेरिकेचं नागरिकत्व घेताना उभं राहून शपथ घ्यावी लागते की आजवर ज्या परकीय सत्तेशी माझी निष्ठा होती ती मी पूर्णपणे सोडतो. ही शपथ घेतलेला मुलगा सुट्टीत कोल्हापुरात आला की आपण त्याचा सत्कार करतो, शाळेत त्याचं भाषण ठेवतो. तसे सत्कार मी पाहिलेत, त्यांत शालही घातलीय, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. पण आबांच्या नातवाने अशी कुठलीही शपथ घेतली नाही. आजोबांच्या जन्माची नोंद, बापाच्या जन्माची नोंद, आपल्या जन्माची नोंद, एवढंच त्याने केलं. शपथ घेऊन निष्ठा सोडणाऱ्या इंजिनिअरला हार, आणि गोदामात खोकी उचलणाऱ्या पोराला गद्दार ही शिवी. या फरकामागे देशभक्ती नाही, पगाराचा आकडा आहे, असं मला स्पष्टपणे म्हणायचंय.

सत्याग्रहींच्या रक्ताचा मुद्दा मात्र मला हलका करायचा नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र माणसं गोव्याच्या सीमेत शिरली आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, हे विसरणारा मराठी माणूस करंटा. आपल्या शेजारच्या सांगलीचे मोहन रानडे गोव्यात मराठी शिकवत होते. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली, पोर्तुगालला नेले गेले. गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं ते लिस्बनजवळच्या तुरुंगात होते. १९६९ च्या जानेवारीत सुटले. व्याख्यानात वक्त्यांनी हे सांगितलं तेव्हा आबांनी डोळे पुसले.

पण या माणसांनी कशासाठी सोसलं? गोव्यात जन्मलेल्या माणसाच्या आयुष्याचा निर्णय लिस्बनमधल्या हुकूमशहाने करू नये म्हणून. त्याने काय बोलावं, काय छापावं, कुठं जावं, हे त्याने स्वतः ठरवावं म्हणून. त्या स्वातंत्र्यात गावी राहण्याचं स्वातंत्र्य आहे तसं गाव सोडण्याचंही आहे. मुक्त झालेल्या माणसाच्या नातवाने अमुक दिशेनेच पाऊल टाकावं अशी अट कोणत्याही सत्याग्रहीने घातल्याचं माझ्या वाचनात नाही. हुतात्म्यांच्या नावाने आज जिवंत पोरांवर पहारा बसवणं हा त्यांचा सन्मान होत नाही.

आणि जन्माचा देश व मनाचा देश यांचा मेळ कागदावर बसत नाही, हे तर मराठी माणसाने सर्वांत आधी ओळखायला हवं. मास्टर दीनानाथ १९०० साली मंगेशीत जन्मले, धर्मानंद कोसंबी १८७६ साली साखवाळला, बा. भ. बोरकर १९१० साली गोव्यातच. तिघेही पोर्तुगीज अमलात जन्मलेले. मराठी रंगभूमीचं गाणं, बुद्धाचं मराठीतलं दर्शन आणि मराठी कविता यांतून ही नावं कोण काढून टाकणार आहे?

आजोबांच्या जन्माची अट कुठं खरोखर घातक ठरली, तेही सांगितलं पाहिजे. १९६८ साली केनियातल्या आशियाई लोकांवर ती पाळी आली. त्यांच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होते. गुजराती होते, पंजाबी होते, गोवेकर होते. केनियातून उखडले गेल्यावर ते ब्रिटनकडे निघाले, तेव्हा लंडनच्या संसदेने अवघ्या तीन दिवसांत कायदा केला. १ मार्च १९६८ ला तो लागू झाला. अट अशी की स्वतः, आई-वडील किंवा आजी-आजोबांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलं किंवा तिथं नागरिक झालं असेल तरच दार उघडं. गोऱ्या वसाहतवाल्याचे आजोबा तिथं जन्मलेले असणार, नैरोबीच्या दुकानदाराचे कुठून असणार? पासपोर्ट हातात असून माणसं विमानतळावरून परत पाठवली गेली. आजही राष्ट्रकुलातल्या माणसाला आजोबांच्या जन्मावर ब्रिटनमध्ये काम करायचा व्हिसा मिळतो, पण आजोबा ब्रिटनच्या भूमीवरच जन्मलेले हवेत. करवीर संस्थानात जन्मलेल्या माझ्या आजोबांचा तिथं काही उपयोग नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की ज्या कायद्याने आपल्या माणसांना हाकललं त्याबद्दल व्याख्यानात एक वाक्यही आलं नाही, आणि ज्याने आत घेतलं त्याच्यावर दहा मिनिटं आग पाखडली गेली.

एका बाबतीत वक्त्यांशी माझं पूर्ण एकमत आहे. दोन पासपोर्ट लपवून ठेवणं, परदेशी नागरिक होऊन इथं मतदान करणं, निवडणूक लढवणं, हे चूक आहे. आपली घटना आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ स्वच्छ सांगतात: स्वेच्छेने दुसरं नागरिकत्व घेतलंत की भारताचं संपलं. हे ज्याला मान्य नाही त्याने कायदा बदलायला झगडावं, लपवाछपवी करू नये. आबांच्या नातवाने भारतीय पासपोर्ट वेळेत परत केला आणि त्या दिवशी तो घरी येऊन जेवला नाही, हे मला ठाऊक आहे. पण कलम ९ मधला ‘स्वेच्छेने घेणं’ हा शब्द गोव्यात फार अवघड होऊन बसलाय. लिस्बनमध्ये जन्माची नुसती नोंद झाली, पासपोर्ट घेतलाच नाही, तर भारतीयत्व कोणत्या तारखेला संपलं? पोर्तुगालच्या कायद्याने ते नवं नागरिकत्वच नव्हे, जन्मापासूनचंच. भारताच्या कायद्याने ते घेतलेलं. या फटीत हजारो कुटुंबं अडकली. कित्येकांचे भारतीय पासपोर्ट रद्द झाले, आणि पासपोर्ट परत केल्याचा कागद हाती नाही म्हणून ओसीआय कार्डही अडलं. २०२४ मध्ये केंद्राने रद्द केल्याचा आदेशही चालेल असं ठरवलं तेव्हा कुठं थोडी वाट मोकळी झाली. अभ्यासू वक्त्याने या प्रश्नावर बोलावं. तिथं अभ्यासाची गरज आहे. शिवीला अभ्यास लागत नाही.

गोव्यातली घरं बंद पडताहेत, सासष्टीतल्या वाड्यांवर कुलपं लटकताहेत, म्हातारी माणसं एकटी राहिलीत. याचं दुःख मलाही आहे, आणि पेडण्याच्या आपल्या घराच्या पडवीचा पडका भाग दाखवताना आबांना होतं तेवढं तर वक्त्यांना नक्कीच नाही. पण पोरं का गेली हे विचारा. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रकचे हप्ते तुंबले. आमच्याकडे शिरोलीच्या फौंड्रीत मंदी आली की पोरं पुण्याला जातात, त्यांना आपण पळपुटे म्हणतो का? आपलं महाराष्ट्र सरकारच २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार करून कुशल तरुण तिकडं पाठवायला निघालं. आणि युरोपातली ही वाटही आता पूर्वीची राहिलेली नाही: ३१ डिसेंबर २०२० नंतर नुसत्या पोर्तुगीज पासपोर्टावर ब्रिटनमध्ये राहून काम करता येत नाही. आबांचा नातू दीड वर्ष आधी पोचला म्हणून टिकला.

वक्त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या व्याख्यानाला राजारामपुरीत याल तेव्हा थोडा आधी या. आमच्या गल्लीत आबा संध्याकाळी पाचनंतर घरीच असतात. तो पोरोबो नावाचा कागद ते तुम्हाला काढून दाखवतील, आणि तुम्ही जो शब्द व्यासपीठावरून उच्चारलात तो त्यांच्यासमोर बसून पुन्हा उच्चारून पाहा. शक्यतो १९ डिसेंबरला या. नव्वदीच्या उंबरठ्यावरही त्या दिवशी ते काठी टेकत मारुतीच्या देवळापर्यंत जातात आणि अर्धा किलो पेढे आणून गल्लीत वाटतात.